एक लाख एक

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा ओतत होते. रडू आलं नाही. आधी भीती वाटली, आणि मनातल्या मनात मी सतराचा पाढा म्हणायला लागले. तो न चुकता पूर्ण झाला तेव्हा कुठे खाली बसले.

डोकं जाण्याची ही भीती मामांचीच. ते गणिताचे शिक्षक. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपर्यंत स्वतः उर्दूतून शिकलेले, त्यामुळे मूळ संख्येला जन्मभर ‘मुफ्रद’ म्हणायचे. कुठल्याच संख्येनं फुटत नाही ती मुफ्रद, फुटते ती संयुक्त, असं आम्हाला शिकवलं. गंगापूरचे थोरले मामा म्हातारपणी स्वतःच्या बायकोला “तुम्ही कोणाच्या?” विचारायला लागले, तेव्हा या मामांनी धसकाच घेतला. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी जायची, सहा आकडी संख्या सांगायची. ते ती तोंडी फोडायचे आणि उत्तर वहीत उतरवायचे. “कुंदा, डोकं जायला लागलं की सांग मला. लपवायचं नाय,” असं बजावलं होतं. “माणसं वळखू येतात तवर भेटून घ्यायचंय.”

एके दिवशी मला घाई होती, म्हणून सोपी दिली... एक लाख एक. एकाआड एक अंकांच्या बेरजा सारख्या आल्या की अकरानं भाग जातो, हे त्यांनीच मला सातवीत शिकवलेलं. चहावर साय धरली. मामांचं बोट टेबलावर शून्यं मोजत होतं, पुन्हा पहिल्यापासून.

“मुफ्रद,” ते म्हणाले. “बरोबर?”

“बरोबर, मामा.”

“व्हय?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलून आत गेले.

पुढच्याच आठवड्यात ते खुलताबादला जायचं म्हणून हटून बसले. तिथे त्यांचे शाळासोबती रशीदचाचा राहायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर. दोघं चाचांच्या दुकानाच्या फळीवर तासभर बसले. निघताना चाचा म्हणाले, “ईद को आना, हौ?” मामांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तसेच उभे राहिले.

सहा महिन्यांनी मामांनी मला विचारलं, “तुम्ही कोणाच्या?”

तेराव्यानंतर वही उघडली. एक लाख एकपुढे ‘मुफ्रद’ लिहिलं होतं. त्याखाली, वेगळ्या शाईत: ‘११ × ९०९१. कुंदा खोटं बोलली. रशीदला भेटणे.’

म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि ती सगळी भीती त्यांनी एकट्यानं काढली... मी रोज समोर बसलेली असताना. खरं सांगितलं असतं तर निदान दोघं मिळून घाबरलो असतो. याची मला लाज वाटते.

वही आता माझ्याकडे असते. रोज सकाळी तिच्यात मी एक संख्या फोडते. काल मुलीला म्हटलं, जरा तपास गं. तिनं वहीत पाहिलं, मग थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर आहे, आई,” ती म्हणाली आणि वही मिटली.

ताळा करून बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.