पुलाखाली उभा राहिलो तेव्हा

हे बायकोलाही ठाऊक नाही. ऑफिसात तर मी छाती पुढे काढून सांगतो ती गोष्ट वेगळीच आहे — तिच्यात मी शूर आहे. तुम्हाला खरी सांगतो.

मी बांधकाम खात्यात अभियंता. चौसाळ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळणाऱ्या रस्त्यावर ओढ्याचा एक जुना पूल होता, तो माझ्या देखरेखीखाली. देखरेख कसली? जीपमधून उतरायचाही कंटाळा. मधल्या खांबाला भेग पडलेली मी पाहिली होती आणि नंतर बघू म्हणून सोडून दिली होती.

गाळप हंगामाच्या तोंडावर तहसील कचेरीत बैठक झाली. त्या रस्त्यावरची वजनाची मर्यादा कारखान्याला वाढवून हवी होती, ट्रकमालकांनाही. कमी फेऱ्यांत जास्त ऊस कुणाला नको असतो? तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं — पूल पेलेल का? भेगेचं सांगितलं असतं तर आजवर काय झोपला होतात का, हे ऐकावं लागलं असतं. मी म्हणालो, पेलेल की. हसत म्हणालो.

एकटा गहिनीनाथ आडवा आला. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारा, त्याच पुलावरून रोज जाणारा.

"साहेब, भरल्या गाडीखाली तुमी उभं राहा. मग सगळ्यात आधी मी माझी गाडी घालतो."

जुने इंजिनिअर असं करायचे, हे ऐकून होतो. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. "राहतो की!" मी म्हणून गेलो.

घरी पोचलो आणि जेवण जाईना. त्या खांबाखाली — मी?

मग मी कारखान्यात वाहतूक बघणाऱ्या माणसाला फोन केला. कल्पना त्याची नव्हती, हे नीट ऐका, माझी होती. कारखान्याच्या एका ट्रकच्या पोटात नुसतं पाचट भरायचं, उसाची वाळकी पानं, आणि कडेनं, वरून उसाच्या मोळ्या रचायच्या. दिसायला गच्च, वजनाला काहीच नाही. "साहेब, डोकं लई चालतंय तुमचं," तो म्हणाला. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

गाव जमलं. मी हाताची घडी घालून पुलाखाली उभा राहिलो. ट्रक डोक्यावरून गेला. वजनानं त्याचे पाटे, चाकांवरच्या स्प्रिंगा, दबल्यात का, हे कुणी पाहिलंच नाही — सगळे मला बघत होते. टाळ्या पडल्या. गहिनीनाथ ओढ्यात उतरला, माझा हात दोन्ही हातांत धरला. तेव्हा नुसतं कानात सांगता आलं नसतं का, की बाबा, तू गाडी घालू नकोस? आलं असतं. मर्यादा वाढली.

हंगाम भरात आला आणि पूल खचला. वर गहिनीनाथच होता. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. आणि मी? चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलं, गाडीत नव्या मर्यादेपेक्षाही जास्त ऊस होता. नव्हता. पण ओढ्यात विखुरलेला ऊस कोण मोजणार?

खात्याच्या वतीनं त्याच्या घरी मलाच जावं लागलं. अंगणात त्याचे भाऊबंद अंगावर आले, एकानं कॉलर धरली. तेवढ्यात त्याची बायको, आशाबाई, आतून आली आणि आमच्या मध्ये उभी राहिली.

"साहेबांना काहून बोलता? ते सोता पुलाखाली उभं राहिलते. चूक आमच्याच माणसाची हाय, जास्त भरली आसंल त्यांनी."

भाऊबंदांनी हात जोडून माझी माफी मागितली. मी त्यांना माफ केलं. मग तिनं चहा आणला, आणि मी तो पिऊन आलो.