आमच्या कोर्टवरची शलाका

टेनिस कोर्टवर पंचवीस वर्षं काढली की बुटाला लाल माती चिकटते, तसे किस्सेही चिकटत जातात. मी डोंबिवलीच्या एका जिमखान्यात मार्कर आहे, म्हणजे मेंबरांशी खेळायला ठेवलेला पगारी माणूस. माझे निम्मे किस्से एकट्या शलाकाचे. दोनदा राष्ट्रीय विजेती झाली, परदेशात जिंकून आली. लोक विचारतात, लहानपणी कशी होती हो? तर ऐका.

*

नऊ वर्षांची असताना तिचे बाबा महादेवराव तिला विठ्ठलवाडीहून घेऊन आले. एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. चाळीच्या भिंतीवर बॉल मारून पोरीनं शेजाऱ्यांच्या दोन ट्यूबलाइट फोडलेल्या, म्हणून मोकळी जागा हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तिला फोरहँडला सोपे सोपे बॉल देत होतो. दहा मिनिटांनी ती नेटपाशी आली.

"काका, मला त्या बाजूचा येत नाही म्हणून तुम्ही तिकडे देत नाही ना? मग तिकडेच द्या."

संध्याकाळपर्यंत मी तिकडेच देत होतो. आज टीव्हीवर ज्याचं कौतुक चालतं, तो तिचा बॅकहँड हाच.

*

चौदा वर्षांखालची फायनल ठाण्याला होती. मॅच पॉइंट शलाकाचा. समोरच्या मुलीचा बॉल लाइनपाशी पडला, अंपायरनं आउट दिला, टाळ्या सुरू झाल्या. शलाकानं वाकून मातीतला बॉलचा ठसा बघितला, रॅकेटनं त्याच्याभोवती गोल काढला आणि अंपायरला बोलावलं. बॉल आत होता.

तो सेट गेला. तिसरा तिनं जिंकला, पण माझा जीव गेलेला. परतताना तिला झापलं, हरली असतीस म्हणजे?

"पुढच्या वर्षी परत आलो असतो ना, काका," म्हणाली आणि वडापाव खायला लागली.

*

पहिल्यांदा राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा स्टेशनबाहेर भला मोठा बॅनर लागला. फोटो तिचाच, पण कुणीतरी हातात बॅडमिंटनची रॅकेट चिकटवलेली. आम्ही चिडलो, उतरवायला निघालो. तिनं अडवलं. बाबांचं नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या अक्षरात छापून आलंय, राहू दे, म्हणाली. बॅनर महिनाभर राहिला.

*

मग खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा खेळशील असं धरून चालू नकोस. पंधरा दिवसांत ही उजवा हात झोळीत घालून कोर्टवर हजर. कशाला आलीस, विचारलं तर म्हणाली, डावा रिकामाच आहे.

सहा महिने डाव्या हातानं खेळली. शेवटी आमचे बँक मॅनेजर केळकरसाहेब तिच्याकडून सहा-चारनं हरले. आम्ही त्यांच्यासमोर विषय काढत नव्हतो, तर तेच अख्ख्या डोंबिवलीला सांगत सुटले. पुढच्या वर्षी उजव्या हातानं ती पुन्हा राष्ट्रीय विजेती झाली.

*

परदेशातली फायनल आम्ही जिमखान्याच्या हॉलमध्ये टीव्हीवर बघितली. भर दुपार, साठ-सत्तर माणसं. महादेवराव मात्र टीव्हीकडे पाठ करून खुर्चीत बसलेले. पोरीची मॅच त्यांना बघवायची नाही. कोर्टवर आले तरी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि नुसते कान देऊन ऐकायचे.

तिसरा सेट, मॅच पॉइंट. रॅली संपता संपेना. शलाकाच्या बॅकहँडचा टप्प आवाज आला.

"जिंकली," महादेवराव म्हणाले आणि उठून चपला घालायला लागले.

मी टीव्हीकडे बघितलं. बॉल अजून नेटच्या अलीकडेच होता.