पिण्याजोगा रंग

वर्धा जिल्ह्यात माझ्या साडभाऊंइतका तापदायक भला माणूस दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर तो माझ्या नात्यात पडला नाही, एवढं माझं नशीब. भल्या माणसांशी माझं काही वैर नाही. दुरून ती छानच दिसतात. पण आपल्याच धंद्यात, आपल्यापासून मोटारसायकलनं तासाभराच्या अंतरावर, आपल्या सख्ख्या मेहुणीचा नवरा होऊन एखादा माणूस चोवीस तास भलेपणा करत बसला, की पोटात जे दुखायला लागतं त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे गोळी नाही. मला हे दुखणं पंधरा-सोळा वर्षं होतं. लाज कशाला बाळगू? मी त्या माणसावर जळत होतो.

माझा सिंदी रेल्वेला चादरी, पडदे, उशांचे अभ्रे रंगवायचा आणि शिवायचा कारखाना. मोठी टिनाची शेड, बॉयलर, हातशिलाईला आणि रंगाच्या कामाला मिळून तीसेक बाया, दारावर इंग्रजी पाटी. साडभाऊंचं गिरडच्या वाटेवरच्या एका खेड्यात काय होतं, तर आठ हातमाग, चार मातीची रांजणं आणि एक कडुनिंबाचं झाड. नव्वदच्या आसपास आम्ही दोघांनी एकाच वर्षी धंदा सुरू केला. मी पहिल्यांदा बॉयलर बसवला. साडभाऊंनी पहिल्यांदा संडास बांधला. शेड नाही, माग नाही, नुसत्या मोकळ्या रानात एक पक्का संडास, दाराला आतून कडी, बाजूला पाण्याची टाकी. गावातली पोरं वर्षभर त्यांना 'संडासवाले शेठ' म्हणायची. मीही हसलो होतो, आणि बायकोला मुद्दाम सांगितलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "जवाईबुवाइले बायायचं समजते." तिथून माझं दुखणं सुरू झालं.

बायकोचं हे वाक्य मी पुढे शंभर वेळा ऐकलं. कधी 'समजते', कधी 'सुचते', कधी 'जमते', पण कर्ता नेहमी जवाईबुवा. मला जन्मात दुसरं काही नको होतं हो. साडभाऊ समोर पाटावर बसलेत, मेहुणी वाढते आहे, आणि माझी बायको म्हणते आहे, हे आमच्या यायनं केलं, जवाईबुवाइनं नाई. 'यायनं' म्हणजे ह्यांनी, म्हणजे मी. एवढं एक वाक्य कानावर पडलं असतं तर मी सुखानं डोळे मिटले असते.

साडभाऊंच्या खोडी सांगायच्या तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. कोणाच्याही घरी गेले की हा माणूस आधी पलंगावरच्या चादरीचा कोपरा उलटून पाहायचा. घरची माणसं चहा ठेवायला आत गेली की यांचा हात कोपऱ्यावर. शिलाई पाहायची, सूत बोटांत चोळायचं, आणि मग घरच्या बाईला विचारायचं, "हे कोणं शिवलं, मालूम हाये का?" आता चादर कोणी शिवली हे कोणाला ठाऊक असतं? दुकानातून आणली, संपलं. पण साडभाऊंच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात ती विणणारीची खूण असायची. कोणाची चिमणी, कोणाचा विळा, एकीचा नुसता पाच टिंबांचा चौकोन. एका लग्नात वऱ्हाड उतरलेल्या जानोशाच्या गाद्यांचे कोपरे उलटताना नवऱ्या मुलाच्या काकांनी त्यांना हटकलं, तर यांनी काकांनाच तासभर पिंजाऱ्याच्या छातीत कापूस कसा बसतो ते सांगितलं. काका जेवायला उठले ते तोंडाला रुमाल लावून. माझ्या घरीही ते कोपरा उलटायचे. पाहायचे, पुन्हा नीट घडी घालून ठेवायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. त्यापेक्षा त्यांनी मला चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रंगाची तर वेगळीच तऱ्हा. फाल्गुनात पळसाची फुलं, मग डाळिंबाची सालं, बाभळीची साल, आणि काळ्या रंगासाठी गुळाच्या पाण्यात गंजके खिळे आणि बैलांच्या तुटक्या नाला टाकून रांजणात महिनाभर मुरवत ठेवलेले. त्या रांजणाचा वास असा, की गिरडला दर्ग्यावर निघालेले लोक तिथे वेग वाढवायचे. इतकं करून दोन चादरींचा रंग कधी एकसारखा आला असेल तर शपथ. एक गिऱ्हाईक जोडी घेऊन परत आलं, एक हळदीसारखी पिवळी आणि एक पिकल्या आंब्यासारखी. साडभाऊ त्याला म्हणाले, "बहिणी हायेत दोघी. जुळ्या कोणं म्हटलं?" आणि तो माणूस ते ऐकून खूश होऊन आणखी एक बहीण विकत घेऊन गेला. माझा रंग बोटभर फिका आला की आख्खा गठ्ठा परत यायचा. माझ्या चादरींना कोणी कधी बहिणी म्हटलं नाही.

पण सगळ्यांत मोठं खूळ म्हणजे पाणी. रंगकाम झालं, कापड धुतलं, की उरलेलं पाणी नाल्याला सोडण्याआधी साडभाऊ त्यातलं अर्धा पेला स्वतः प्यायचे. रोज. पाहुणा असला तर त्यालाही विचारायचे. मी एकदा म्हटलं, "काऊन हे नाटक करता?" तर अगदी साधेपणानं म्हणाले, "जे मी पेऊ शकत नाई, ते नाल्याले काऊन पाजू? खालच्या गावची ढोरं पेतात नं ते." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बघ तुझा जवाई, वेडा झाला. ती म्हणाली, "आपलं पाणी कुठी जाते हो?" मी म्हटलं, पाणी कुठं जातं, उताराला जातं.

दोन हजार सालानंतर कधीतरी ती चिठ्ठी आली. परदेशातल्या एका मोठ्या दुकानाला हातानं शिवलेल्या चादरी हव्या होत्या आणि त्यांच्या मुंबईच्या मॅडम दोन्ही कारखाने पाहून एकाला काम देणार होत्या, मला किंवा साडभाऊंना. चिठ्ठीत लिहिलं होतं, आधी 'सोशल ऑडिट' होईल. ऑडिट मला माहीत होतं. सोशल म्हणजे काय ते मी आमच्या समाजाच्या सचिवांना विचारलं. ते निवृत्त मास्तर. ते म्हणाले, सोशल म्हणजे सामाजिक, म्हणजेच समाजाचं. त्यांना आपल्या समाजाचं कार्य पाहायचं असणार.

मग काय, मी कंबर कसली. समाजाच्या अध्यक्षांना बोलावलं. शाल, श्रीफळ, मंडप, खुर्च्या, स्वागतगीताला दोन मुली. समाजानं किती मुलांना वह्या वाटल्या याचं निवेदन मास्तरांनी पाठ केलं. बायांना एकसारख्या निळ्या साड्या दिल्या. आणि मॅडम आधी साडभाऊंकडे जाऊन येणार, तिथं तो पाणी प्यायचा खेळ होणार हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून नळ लावलेल्या एका टाकीत मी घट्ट कोकम सरबत भरून ठेवलं. त्या दिवशी आमचा लाल रंग चालू होता.

मॅडम साडभाऊंना सोबतच घेऊन आल्या. वाट दाखवायला, म्हणे. बाईंनी शाल घेतली, अध्यक्षांचं भाषण ऐकलं, वह्यांचा आकडाही ऐकला आणि हळूच विचारलं, "बायकांचं टॉयलेट कुठे आहे?" होतं की. मीच दार उघडलं. आत रंगाचे ड्रम, छतापर्यंत. कोणी वापरत नव्हतं म्हणून जागा वाया जाऊ नये, एवढाच माझा विचार. मॅडमनी शेवंताबाईला विचारलं, मग तुम्ही कुठे जाता? शेवंताबाई माझ्याकडे अकरा वर्षं होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग साडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "जातच नाई जी. दिवसभर पाणीच नाई पेत आमी. लयच झालं तर रुळाच्या पल्याड." शप्पथ सांगतो, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणायला पाहिजे.

माणूस घसरला की आणखी घसरतो. मी मोठ्यानं म्हणालो, "मॅडम, आमचं पाणीसुद्धा पिण्यासारखं आहे, मी रोज पितो," आणि पेला घेऊन सरबताच्या टाकीकडे निघालो. बाई हुशार. त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, शेडच्या मागे जिथं मोरी उघडी पडते तिथं गेल्या आणि तिथला भरून माझ्या हातात दिला. लालभडक, वर फेस. मागे अध्यक्ष, मास्तर, तीस बाया आणि साडभाऊ. नाही म्हणण्याची सोय राहिली नव्हती. मी पेला तोंडाकडे नेला. खरंच प्यायलो असतो, इतका मी त्या माणसावर जळत होतो.

साडभाऊंनी झडप घातली आणि पेला मातीत उलटा केला. सोळा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. "मरान नं तुमी," म्हणाले, "मी ताईले काय सांगू मंग?" ताई म्हणजे माझी बायको. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "लिहा तुमी, यायचं पाणी खराब हाये. पण एक सांगतो, हा माणूस जिद्दीचा हाये. मले हरवाले म्हणून तरी साफ करन. तुमी दोन-तीन सालानं येऊन पाह्यजा."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं मी जळत होतो आणि ते समोर बसून ऊब घेत होते. काम अर्थात त्यांनाच मिळालं. मी आठ दिवस कारखान्यात गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो आणि ड्रम बाहेर काढले.

पुढचं सगळं मी जळफळाटातूनच केलं, उगाच मोठेपणा घेत नाही. त्यांचा एक संडास, तर मी तीन बांधले, आतून फरशी लावलेले. त्यांची एक पाण्याची टाकी, तर माझ्या मोरीला एकापुढे एक चार हौद, रेतीचे, कोळशाचे. जहाल रंग बंद केले. बायांना दुपारी तासभर सुट्टी दिली, कारण ते पाऊण तास देत. चुकलं-माकलं की रात्रीच मोटारसायकल काढून त्यांना विचारायला जायचो, म्हणजे विचारायचो नाही, भांडायचो. ते भांडता भांडता कोळसा किती बारीक हवा ते सांगून टाकायचे. तीन वर्षं गेली त्यात.

दरम्यान साडभाऊंच्या गुडघ्यांनी दगा दिला. माग आणि रांजणं त्यांनी विणणाऱ्या बायांच्याच नावावर करून दिली, आणि नवरा-बायको दोघं पुण्याला मुलीकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेले. मेहुणी सांगते, तिथं शेजाऱ्यांच्या चादरींचे कोपरे उलटून उलटून सगळी बिल्डिंग हैराण आहे.

मॅडम पुन्हा आल्या. या वेळी शाल नव्हती, अध्यक्ष नव्हते. शेवंताबाईनंच त्यांना सगळं फिरवून दाखवलं. जाताना मॅडम घरी चहाला थांबल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, मागच्या वेळेचा कारखाना तो हाच का, ओळखू येत नाही. बायको कप हातात देत म्हणाली, "आमच्या यायनं केलं जी हे. जवाईबुवाइचं निमित्त झालं, पण केलं यायनंच."

ते वाक्य आलं एकदाचं. मी दाराशी उभा होतो. वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. मॅडमची गाडी गेल्याबरोबर मी पुण्याला फोन लावला. साडभाऊंना जळवायचं होतं मला, चांगलं करपवायचं होतं. मी बायकोचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. साडभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काय म्हणली ताई? पुन्हा सांगा बरं." मी पुन्हा सांगितलं. म्हणाले, "थांबा, हिलेही ऐकू द्या," आणि मेहुणीला बोलावलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मग मुलीला बोलावलं, जावयाला बोलावलं, आणि मी सांगत राहिलो. फोन ठेवल्यावर वाटलं, आणखी कोणाला तरी सांगावं. बराच वेळ आठवून पाहिलं. सांगावंसं वाटेल असं दुसरं माणूस मला नव्हतं.