डाव्या खांद्यावरची थाप

गिअर बदलायचा म्हटलं की इब्राहिमचाचांचा उजवा हात दारावर आपटायचा. उमेदीची सगळी वर्षं मस्कतला पाण्याचा टँकर चालवण्यात गेलेली. तिथे गिअर उजव्या हाताला आणि गाडीही रस्त्याच्या उजवीकडून. इथलं लायसन्स त्यांनी कधी काढलंच नव्हतं. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवशिके पुष्कळ येतात. येत असलेलं विसरायला आलेले हे एकटेच.

हौस म्हणून ते आले नव्हते. बायकोच्या, खैरूनचाचींच्या, किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिसला काशीदहून अलिबाग गाठावं लागे. गाडीने नेणारा पुतण्या गाडी दारात ठेवून दुबईला निघून गेला. रिक्षावाले कधी यायचे, कधी नाही, आणि एसटीच्या धक्क्यांनी चाची अर्धमेल्या व्हायच्या. "एक खेप चुकली तर पानी छातीत भरतंय तिच्या, मास्तर," चाचा म्हणाले. "मना लवकर शिकवा."

लेखी परीक्षेत ते पहिल्या फटक्यात पास. रस्त्यावरच्या खुणा, नियम, सगळं तोंडपाठ. चाची घरी पुस्तकातून प्रश्न विचारायच्या. पण रस्ता रिकामा दिसला की गाडी आपली उजवीकडे. एकदा वळणावर समोरून पर्यटकांची बस आली. माझ्या पायाखाली जादा ब्रेक नसता तर आज हे लिहायला मी उरलो नसतो. त्या दिवशी चिडून मी त्यांना हा नाद सोडायला सांगितलं. ते स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसले.

"डोस्क्याला समजलंय सगला. हातपायांना कोन सांगंल?"

दुसऱ्या दिवशी चाची मागच्या सीटवर हजर. हाताला डायलिसिसच्या सुईची पट्टी, मांडीवर नियमांचं पुस्तक. वळण आलं की त्या नियम वाचायच्या आणि चाचांच्या डाव्या खांद्यावर थाप मारायच्या. माझी सगळी मास्तरकी त्या थापेपुढे फिकी पडली. चाचा चुकले की त्या म्हणायच्या, "मस्कत संपला, आता काशीद आला." चाचा हसायचे. मला मात्र आरशात चाचींचा सुजलेला चेहरा दिसायचा.

गाडीच्या परीक्षेला आरटीओवाले चाचींना मागे बसू देईनात. चाचांनी त्यांची ओढणी घडी करून डाव्या खांद्यावर टाकली आणि पास झाले. मग पावसाळाभर त्यांनी चाचींना अलिबागला नेलं, सोबत गावातल्या अशाच एका आजारी मुलीलाही. एकही खेप चुकू दिली नाही. तरी चाची गेल्या.

चाचींचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाचा माझ्याकडे आले. त्या मुलीला घेऊन निघाले होते आणि एका वळणावर गाडी थांबवून बसून राहिले होते. मागून हॉर्न वाजत होते, डावं-उजवं काही सुचत नव्हतं.

"मी थापंची वाट बघत होतो," म्हणाले. "आता मागं कोन न्हाय. त्या पोरीला तर न्यायला लागंल. परत पयल्यापास्नं शिकवा."

आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर गाडी उजवीकडे झुकली. माझा हात आपसूक त्यांच्या डाव्या खांद्याकडे गेला. चाचांनी खांदा आखडून घेतला.

"तिथं नको, मास्तर," ते म्हणाले. "तोंडानं सांगा."