आजऱ्याची मॅच आणि ताईचं लग्न

कोल्हापुरात कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आजवर एकच झाला. त्याचा कॅप्टन मी होतो, म्हणून एकच झाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आत्याचा मुलगा अमेरिकेतून सुट्टीला आला आणि मला एक चेंडू देऊन गेला. चेंडू कसला, दोन्ही टोकांना धरून ओढल्यासारखा लांबुळका. पेठेतल्या खऱ्या फुटबॉलच्या संघानं मला दरवर्षी नाकारलं होतं (मी पळताना दिसायचो, पण पुढं सरकायचो नाही), त्यामुळं हा चेंडू देवानंच धाडलाय असं मला वाटलं. या आतेदादानं जाता जाता नियम सांगितले. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. आणखीही पुष्कळ नियम होते, पण त्याची गाडी सुटायला आली होती.

आमचे वडील, म्हणजे आबा, तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर. त्यांना हे काही पटेना.

"फुटबॉल म्हनतोस आनि हातानं खेळतोस?"

"अमेरिकेत असंच खेळत्यात, आबा."

"मग त्यास्नी कुनीतरी सांगाय नको?"

तरी संघ उभा राहिला. माझ्यासारखेच नाकारलेले सगळे त्यात आले. खांद्याला बांधायला पॅड हवे होते, तर आईनं अंथरुणातली एक जुनी वाकळ दिली आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, सुनंदाताईनं, ती कापून मशीनवर सगळ्यांचे पॅड शिवले. ते बांधून आम्ही मैदानात उतरलो की खेळाडू कमी आणि मुक्कामाला निघालेले पाहुणे जास्त वाटायचो.

आता अडचण अशी, की खेळायचं कुणाशी? अख्ख्या जिल्ह्यात हा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. मग आम्हीच वेगवेगळ्या कॉलेजांत जायचो, मॅचच्या आधी समोरच्या संघाला नियम शिकवायचो आणि मग त्यांच्याकडून हरायचो! जयसिंगपुरात आमच्यासमोर कबड्डीची पोरं उभी केली. माणूस आडवा पाडायचा असतो हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहूनच आमचे दोघेजण लघवीला म्हणून गेले ते थेट स्टँडवर सापडले. गारगोटीत पब्लिकनं चेंडू पायानंच मारा म्हणून हट्ट धरला. मारला. तो असा वेडावाकडा उसळला, की शेजारच्या उसात शिरला आणि निम्मी मॅच तो शोधण्यात गेली. उरलेल्या निम्म्यात आम्ही हरलो.

या गडबडीत एक गोष्ट सांगायची राहून गेली. मी जयसिंगपुरात मार खात होतो त्याच दिवशी ताईला पाहायला आजऱ्याचे पाहुणे येऊन गेले. मुलगा विकास, घरचा काजूचा कारखाना. तोवर ताईनं आलेलं प्रत्येक स्थळ नाकारलं होतं. हा मात्र तिला आवडला होता. हे तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ती मशीनवर बसली की गुणगुणायची. आजऱ्याच्या निरोपाकडं घर डोळे लावून बसलं होतं. आणि आमची सीझनची शेवटची मॅच कुठं होती? आजऱ्यात!

आजऱ्याचा संघ एका माणसानं कमी पडला. बघणाऱ्यांतला एक उंचपुरा तरुण पँट दुमडून हसत हसत आत आला. म्हणाला, कॉलेज संपून चार वर्षं झाली, पण चालत असेल तर येतो. मीच त्याला प्रेमानं नियम शिकवले. पहिल्याच झटक्यात चेंडू घेऊन तो असा सुटला, की आमची पोरं बाजूला होऊन त्याला वाट देऊ लागली. शेवटी उरलो मी. काय अंगात आलं कुणास ठाऊक, मी डोळे मिटले आणि झेप घेतली.

डोळे उघडले तेव्हा तो माझ्या खाली होता. अख्ख्या सीझनमध्ये मी पाडलेला पहिला माणूस! मी उठून दोन्ही हात वर करून नाचलो. नाचून झाल्यावर कळलं, त्याचा खांदा निखळलाय.

दवाखान्यात मीच त्याला धरून नेलं. बिचारा कण्हत होता, तरी मला वाईट वाटू नये म्हणून गप्पा मारत होता. पेठ विचारली, गल्ली विचारली. मी सांगितली.

"त्या गल्लीत आलतो की मागल्या आठवड्यात," तो म्हणाला. "जुने गोलकीपर हायत बघा एक, आबा म्हनत्यात त्यास्नी. त्यांच्या सुनंदाला बघाय."

मी म्हणालो, "पाणी आणू का?"

"तुम्ही वळखता त्यास्नी?"

"तोंडओळख हाय," मी म्हणालो. पण तेवढ्यात दारातून आमचा एक खेळाडू ओरडला, "अरं, तुझ्या आबांना फोन लावू का?" आणि विकासरावांच्या चेहऱ्यावर खांद्याहून मोठी कळ उमटली.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आबांनी पहिला प्रश्न विचारला, फाऊल झाला का? ताईनं माझे पॅड घेतले आणि शांतपणे उसवायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आईआबा माफी मागायला आजऱ्याला निघाले, तर ताई साडी नेसून दारात उभी. होकार यायच्या आधी मुलीनं मुलाच्या घरी जाणं म्हणजे काय, हे आई तिला आजऱ्यापर्यंत सांगत होती. मी घरात येरझाऱ्या घालत होतो. संध्याकाळी तिघं परत आले आणि ताईनं माझ्या हातावर काजूचा पुडा ठेवला.

"जमलं?" मी विचारलं.

"त्यांनी इचारलं, भाऊ नेहमीच असा हाय का. मी म्हटलं, न्हाय, त्याला पयल्यांदाच जमलंय."

त्यावर ते एवढे हसले म्हणे, की खांदा पुन्हा दुखला. लग्न ठरलं.

लग्नात नवऱ्यामुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. फेटा बांधून, नवे कपडे घालून मी बोहल्याकडं निघालो, तशी आजऱ्याची सगळी भावकी खांद्याला खांदा लावून मधे उभी राहिली. विकासराव पाटावरच मागं सरकले. त्यांच्या वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "पावणं, कान लांबनंच पिळा."

मी लांबूनच हवेत बोटं फिरवून कान पिळला आणि फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. ताईच्या आल्बममध्ये आजही मी आहे: फेटा बांधलेला, आजूबाजूला कुणी नाही, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं हवेत नळ बंद करतोय.