न सुटलेला हात

मी आयुष्यभर वायरमन होतो, त्यामुळे विजेतलं आपल्याला थोडंफार कळतं असा माझा समज होता. नातीच्या हाताची तपासणी झाल्यापासून तो राहिलेला नाही. आणखीही बऱ्याच गोष्टींबद्दलचा समज राहिलेला नाही. डोक्यात नुसता गुंता आहे.

नातीचं असं झालं की मंचरच्या स्टॅण्डवर बसमधून उतरताना तिचा हात दांड्यालाच चिकटून राहिला. मागची माणसं ढकलायला लागली. कंडक्टर म्हणाला, "ताई, दांडा काय घरी न्यायचाय का?" सगळी बस हसली. तिने दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवलं. घरी येऊन तिने हसत हसतच सांगितलं, पण मला हसू आलं नाही. असा हात मी आधी पाहिलेला होता.

पुण्याला तपासणीला तिच्याबरोबर मीच गेलो. डॉक्टरीण तरुण होती. तिने नातीच्या अंगठ्याच्या बुडाशी बारीक सुई घातली. सुईची वायर मशीनला आणि मशीनला स्पीकर. हात सैल सोडला की निरोगी स्नायू गप्प असतो, असं ती आधी म्हणाली होती. पण सुई जराशी हलली की स्पीकरमधून आवाज यायचा. जुन्या मोटारसायकलची चढावर रेस वाढवावी आणि मग ती हळूहळू सोडावी, तसा. नात घाबरून बघत होती. हात तर मांडीवर नुसता पडलेला.

"हा आवाज कुठून येतोय?" मी विचारलं.

"तिच्याच स्नायूतून. स्नायूच्या प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असतं, बाबा. त्याच्या आत आणि बाहेर विजेचा फरक असतो. आकुंचन पावायचा निरोप आला की तो फरक क्षणभर पालटतो आणि परत जाग्यावर येतो. हिच्यात तो परत येऊन शांत बसत नाही. मीठ असतं ना, त्यातला क्लोराइड जायची आवरणात वाट असते. ती नीट उघडत नसावी. म्हणून पेशी आपल्या आपण पेटत राहते, आणि हात सुटत नाही."

"किती व्होल्टचा फरक?"

"एका व्होल्टाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी."

तेवढ्यावर टेस्टरचा दिवासुद्धा लागत नाही. आणि तेवढ्याने माणसाची मूठ बंद राहते?

"घरात अजून कोणाला असा त्रास?" तिने विचारलं. नात म्हणाली, "नाही, कोणालाच नाही."

मी म्हणालो, "माझ्या धाकट्या भावाला."

नातीने मान वळवली. "डिंभ्याच्या आबांना? ज्यांनी बारी विकली ते?"

माझ्या घरात, माझ्या भावाबद्दल, एवढंच माहीत होतं.

बारी विकली, म्हणजे पैसे घेऊन शर्यतीतली आपली पाळी मुद्दाम घालवली, असा ठपका. ही गोष्ट आमच्या तरुणपणची. आमचं मूळ गाव महाळुंगे पडवळ. यात्रेत घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळायचे, आमच्या भावकीचा एक गाडा होता. निशाण पडेपर्यंत बैल धरून ठेवायचे आणि निशाण पडलं की त्याच क्षणाला सोडायचे. एका बैलाच्या तोंडाशी भाऊ होता. निशाण पडलं, सगळ्यांनी सोडलं, याने सोडलं नाही. बैलाने त्याला फरफटत नेलं, गाडा तिरका होऊन कडेला गेला, बारी वाया गेली. भाऊ धुळीत पडून ओरडत होता, "सुटंना! हात सुटंना!"

संध्याकाळी देवळात माणसं बसली. कोणी म्हणालं, पोराने पैसे खाल्ले. मला विचारलं, "तू थोरला, तू सांग. काल ह्यो कुठं व्हता?" मी सांगितलं, "समोरच्या पार्टीच्या टेम्पोजवळ चहा पीत होता."

हे खरं होतं. पण त्याला तिकडे मीच पाठवलं होतं. गाड्याच्या कण्याला लावायला आमच्याकडचं वंगण संपलं होतं, त्यांच्याकडून डबा घेऊन ये म्हणून. त्यांनी चहा पाजला, हा बसला. हे मी देवळात सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, इथेच माझा गोंधळ आहे. मी पाठवलं म्हटलं तर दोघं भाऊ मिळून विकले गेले असं झालं असतं, ही भीती होती असं मला वाटतं. पण कधी वाटतं, त्या गडबडीत मी विसरलोच होतो. भीती आधी होती की नंतर जोडली? आठवायला गेलो की दोन्ही सारखंच खरं वाटतं. हात चिकटायची त्याची खोड तर मला लहानपणापासून ठाऊक होती. थंडीत आई त्याच्या मुठीवर ऊन पाणी ओतायची. विकला गेलेला माणूस बैलामागे फरफटत कशाला जाईल, हेही कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

भाऊ त्याच वर्षी बायकोच्या माहेरी, डिंभ्याला राहायला गेला. तिथे थोडी शेती आणि धरणातली मासेमारी.

तपासणीनंतर मी डिंभ्याला गेलो. मी हल्ली कळंबला राहतो; तिथल्या स्टॅण्डवर सकाळीच जाऊन बसलो, एसटी आली दुपारी. भाऊ अंगणात जाळं सांधत होता. मला बघून उठला नाही.

"रस्ता चुकला का काय, दादा?"

मी नातीचं सांगितलं, सुई, स्पीकर, आवरण, सगळं. जमेल तसं सांगितलं, कारण मलाच ते नीट समजलेलं नव्हतं. त्याने ऐकून घेतलं.

"म्हंजी मशीननं सांगितलं तवा तुला पटलं. मी बोंबलत व्हतो तवा न्हाई."

तोच पुढे म्हणाला, "जाळं फेकलं तरी हात सोडत न्हाई कधी कधी. मासं हसत्यात मला."

तो पुण्याला आला तो नातीसाठी. डॉक्टरणीला घरातलं दुसरं माणूस तपासायचं होतं. सुई घातली आणि तोच आवाज आला, नातीपेक्षा मोठा. भावाने स्पीकरकडे बघितलं. "आयला, मी समजत व्हतो मी गरीब. माज्याकडं मोटारसायकल हाय की!" नात खळखळून हसली. मला वाटलं, झालं, सुटलो. यंत्रानेच साक्ष दिली.

त्याला सोडायला डिंभ्याला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने चहा केला. तोवर ती माझ्यासमोर कधी मोकळी बोललेली नव्हती. मी तिला उत्साहाने सांगितलं, की आता सिद्ध झालं, याचा हात खरंच सुटत नाही.

"ते मला म्हाईत हाय, भावजी," ती म्हणाली. "रोज सकाळच्याला तांब्या मीच सोडवते ह्यांच्या हातातला. पर हात आखडतो म्हणून पैसं घेतलं न्हाईत, असं थोडंच हाय?"

मी भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "अजून इचारते. किती घेतलं व्हतं म्हणून. भांडण झालं की हमखास."

"तर काय!" ती म्हणाली. "मग गेलं कशाला व्हतं त्यांच्याकडं? सख्ख्या भावानं पाहिलं व्हतं न्हवं?"

"मी सांगितलं न्हवं तुला? वंगणाला."

"तुमी सांगणारच."

ती सुई पेशीपर्यंत पोहोचली होती, पण इथे तिचा काही उपयोग नव्हता. मग मी सांगितलं. वंगण संपलं होतं, मीच पाठवलं होतं, देवळात मी अर्धंच बोललो.

ती म्हणाली, "इसरला व्हता, का लपवलं व्हतं?"

"मला खरंच कळत नाही. लपवलं असेल. विसरलोही असेन."

भावाच्या हातात चहाचा रिकामा कप होता, तो खाली ठेवायची खटपट चालली होती. तिने सवयीने त्याची बोटं उलगडली, कप काढून घेतला.

"सकाळी माजे भाऊ येत्यात धरणावर," ती मला म्हणाली. "त्यांनी आमचं आवतण बंद केलं व्हतं ह्याच्यापायी. त्यांच्याम्होरं सांगा."

"सांगतो."

"आन् ते कळत न्हाई म्हनला ना, ते बी तसंच सांगा. आपल्या मनाचं काय जोडू नका."

शेवटची एसटी तशीही गेली होती. तिने आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले, आणि मी थांबलो.