दाजींच्या नावाआधी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा भरदुपार होती आणि लांब कुठंतरी लग्नाचा भोंगा चालू होता. अंबाजोगाईच्या माझ्या घरापर्यंत वाऱ्यावर तुकड्या-तुकड्यानं आवाज येत होता... ‘मानाचा फेटा’... ‘विनंती आहे’... मग काहीच नाही, मग परत ‘विनंती आहे’. त्यांची लेक, माझी भाची रेखा फोनवर रडत म्हणाली, “मावशे, दादा गेले गं. बाजेवर पडल्या पडल्या गेले.” आणि मला वेड्यासारखं वाटलं, गेले कसे? आत्ता तर बोलतायत की! फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. भोंगा वाऱ्याबरोबर जवळ यायचा, लांब जायचा. दाजी गेल्याचं काही केल्या खरं वाटेना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. युसूफ वडगावच्या पलीकडं त्यांचं गाव. पंचक्रोशीला ते माहीत होते लग्नात माईकवर नावं पुकारणारे म्हणून, पण त्याआधी माहीत होते वेगळ्याच कारणानं. ऐन उमेदीत बांधाच्या भांडणात त्यांच्या काठीनं चुलतभाऊ मेला. जन्मठेप झाली. रेखा तेव्हा पाळण्यात होती, ते सुटून आले तेव्हा दहावीला.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. तुरुंगातून पेशंट आला की सोबतच्या कागदावर ‘बंदी’ लिहिलेलं असायचं. खटला चालू असेल तर ‘न्यायाधीन बंदी’, शिक्षा लागली असेल तर ‘सिद्धदोष बंदी’. काय ते सोज्वळ शब्द, कीर्तनात शोभावेत असे! वॉर्डात मात्र आम्ही सरसकट ‘कैदी’ म्हणायचो. कैद्याला सलाईन लावा, कैदी जेवला का... त्याला नाव असेल हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. अक्का यातला एकही शब्द तोंडातून काढायची नाही. कुणी विचारलंच तर “ते बाहेरगावी हायत,” एवढंच. गावाचा शब्द ठरलेला, खुनी. सुटून आल्यावर त्यात मोठी सुधारणा झाली, ‘जेलवाला’ म्हणायला लागले! अरे, पुढाऱ्याचं पोरगं आत जाऊन आलं तर हार घालता, फटाके वाजवता, आणि शिक्षा पुरी भोगून आलेल्या माणसाला जेलवाला? माझं तर डोकंच फिरायचं. एकदा दाजींसमोरच मी तणतणले. ते आपले बशीतला चहा फुंकत बसलेले. मला ते चेष्टेनं कायम सिस्टर म्हणायचे. “सिस्टर,” म्हणाले, “खुनी म्हनले तरी खोटं न्हाई. म्या मारलंय. फकस्त तेवढंच म्हनू नये... जल्मात दुसरं बी काय काय केलंय की.”

माईक त्यांच्या हातात आला तो सलीमभाईंमुळं. मांडव, भांडी, भोंगा भाड्यानं देणारा हा त्यांचा लहानपणचा दोस्त. एका लग्नात पुकारणारा आलाच नाही, नवरदेव तर वेशीत येऊन थांबलेला. सलीमभाईंनी माईक दाजींच्या हातात कोंबला, “बोल बे, तुझा आवाज लई मोकळा हाय.” दाजींनी माईकवर बोटानं टकटक केली, फुंकर मारली आणि बोलायला लागले. तो आवाज शिवारभर गेला. म्हणे कापूस वेचणाऱ्या बाया ओटी धरून तशाच उभ्या राहिल्या, कोण बाई हा, कोण हा... भोंग्यातल्या आवाजाला तोंड नसतं. त्यामुळं लोकांनी आधी आवाज ऐकला, माणूस मागाहून बघितला. तोवर उशीर झाला होता, आवाज आवडून गेला होता.

दाजी प्रत्येकाच्या नावाआधी काहीतरी लावायचेच. माजी सरपंच, प्रगतशील बागायतदार, मुकादमसाहेब. काहीच नसेल त्याला ‘आमचे स्नेही’. एका म्हाताऱ्या मेंढपाळाला ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ म्हणाले, तर तो गडी पुढं कितीतरी दिवस गावातून ताठ मानेनं हिंडत होता. आणि कुणी मांडवात सापडलं नाही की ठरलेलं वाक्य, “जिथं कुठं असतील तिथून त्यांनी मांडवात यावं, ही विनंती.”

मग रेखाचं लग्न ठरलं, माजलगावकडच्या घरात. सगळं जमलं आणि नवऱ्यामुलाच्या काकांनी निरोप धाडला, व्याहीभेट घ्या, पण मुलीच्या बापाचं नाव तेवढं माईकवर पुकारू नका, चार लोकांत चर्चा होते. मी तर त्यांना फोन करून चार शब्द सुनवायच्याच बेतात होते. दाजींनी हात धरला. “ऱ्हाऊ द्या, सिस्टर. पोरीचं सुख बघा. माईकवर मीच बसतो. दुसरा आनला तर त्यो बिचारा अडकंल, माझ्या नावाआधी काय लावावं म्हून.” अक्का चुलीपाशी होती. फुंकणीनं जाळ फुंकत राहिली.

लग्नात दाजींचा आवाज काय लागला होता! अक्षता पडल्या, व्याहीभेट आली. दाजींनी मुलाच्या वडलांना थाटात पुकारलं. ते फेटा सावरत पुढं आले, हात पसरून उभे राहिले आणि इकडंतिकडं बघायला लागले. दाजी म्हणाले, “आणि...” पुढं शब्दच नाही. भोंगा नुसता घुमत राहिला. तेवढं ते ‘आणि’ सगळ्या रानावरून गेलं असेल...

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून अक्का उठली. जिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा पळून जायची, रेशनच्या दुकानात ते रेखाला सांगायला लावायची, ती माझी अक्का! तिनं दाजींच्या हातातून माईक घेतला. इतका तोंडाजवळ धरला की भोंग्यानं शिट्टी मारली. “वधूपिता,” म्हणाली, “वधूपिता श्री. दत्तात्रय किसनराव... जिथं कुठं असतील तिथून त्यांनी मांडवात यावं.” दाजी तर तिच्या शेजारीच, हाताच्या अंतरावर उभे! मांडव आधी हसला आणि मग गप्प झाला. दाजी लहान मुलासारखे म्हणाले, “आलो.” ते माईकनं धरलं आणि गावभर ऐकू गेलं. व्याह्यांनी त्यांना कडकडून मिठी मारली. काका फेट्याचा शेव नीट करत बसले. मी डोळे पुसायचं सोडून मोठमोठ्यानं टाळ्या वाजवत होते.

आता तेराव्याला भाषणं झाली. लोकांनी भरभरून शब्द दिले, थोर काय, समाजसेवक काय. दाजी ऐकते तर पोट धरून हसले असते. सलीमभाई भाषणाला उभेच राहिले नाहीत. जाताना त्यांनी दाजींचा माईक वायरीतून सोडवला, रुमालात गुंडाळला आणि अक्काच्या हातात दिला. तो आता कोनाड्यात असतो.

परवा तिच्याकडं गेले होते. दिवेलागणीला ती कोनाडा झाडत होती. रुमाल सोडला, माईक पदरानं पुसला, त्यांच्यासारखी बोटानं टकटक केली, फुंकर मारली. मग हळूच म्हणाली, “दत्तात्रय किसनराव...” या वेळी नावाआधी काहीच लावलं नाही. “जिथं कुठं असतील तिथून...” आणि थांबली. मला तर ते बघवेना. चहाच ठेवावा म्हणून मी उठले, तर तिनं हातानं खुणावलं.

“थांब बाई जरा. ऐकू दे.”